अंधारातला हात

18 जून 2013 च्या रात्री मायामीच्या क्रीडागारात सामना अजून चालू असतानाच काही कर्मचारी पिवळी दोरी घेऊन कोर्टाच्या कडेला येऊन उभे राहिले. करंडक प्रदान करण्याच्या समारंभात प्रेक्षकांना मागे रोखून धरण्यासाठी ती दोरी होती. एन.बी.ए.च्या अंतिम मालिकेतील हा सहावा सामना होता. सॅन अँटोनिओ स्पर्स हा संघ मालिकेत 3-2 असा पुढे होता आणि या सामन्यातही केवळ 28 सेकंद उरले असताना त्याच्याकडे पाच गुणांची आघाडी होती. यजमान मायामी हीटचे अनेक चाहते निराश होऊन उठले, बाहेर पडले. थोड्याच वेळात त्यांच्यापैकी कित्येक जण बंद दारांवर थापा मारत आत घेण्याची विनवणी करू लागले, ही हकिकत पुढे अमेरिकेत फार चवीने सांगितली गेली.

आत काय घडत होते? लेब्रॉन जेम्सने तीन गुणांची एक फेक यशस्वी केली. स्पर्सच्या तरुण कवाय लेनर्डला दोन फ्री थ्रो मिळाले. त्यांतला एक हुकला. धावफलक 95-92. जेम्सने पुन्हा एकदा लांबून फेक केली, ती रिंगवर आदळून बाहेर आली. उसळलेला चेंडू क्रिस बॉशच्या हातात पडला. त्या क्षणी रिंगखालच्या गर्दीत असलेला सदतीस वर्षांचा एक खेळाडू पाठ न वळवता, मान न वळवता, उलट्या पावलांनी उजव्या कोपऱ्याकडे सरकत होता. बॉशने त्याच्याकडे चेंडू टाकला. टोनी पार्कर हात उंचावून त्याच्या अंगावर धावला. चेंडू सुटला तेव्हा त्या खेळाडूची पावले तीन गुणांच्या रेषेच्या बाहेर होती. 95-95. घड्याळात 5.2 सेकंद शिल्लक होते. पंचांनी खेळ थांबवून चित्रफीत तपासली. त्यांना पाहायची होती ती फक्त त्याची पावले. अतिरिक्त वेळेत मायामीने सामना 103-100 असा जिंकला आणि दोन दिवसांनी सातवा सामना जिंकून विजेतेपदही मिळवले.

त्या खेळाडूचे नाव रे ॲलन. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून आणि पुढे अनेक वर्षे स्मरणरंजनपर कार्यक्रमांतून या फेकीसाठी जो शब्द वापरला गेला तो 'चमत्कार' हा होय. आमचा आक्षेप या शब्दाला आहे. गंमत अशी की सर्वाधिक आक्षेप खुद्द ॲलनचाच होता, आणि तोही ही फेक घडण्याच्या कितीतरी आधीपासून. आपली फेक ही देवाची देणगी आहे असे कोणी कौतुकाने म्हटले की तो दुखावत असे. त्यात आपला अपमान आहे, आपण रोज जे करतो ते या वाक्याने पुसून टाकले जाते, असे त्याने पत्रकारांपाशी अनेकदा बोलून दाखवले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या वादाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. काव्यहेतूंच्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हातरी परीक्षेत लिहिलेले असते, आणि आमच्यापैकी काहींनी ते तपासलेलेही आहे. शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू होतो असे मम्मट मानतो. त्याने अनेकवचन टाळून एकवचन योजले, याकडे टीकाकारांनी मुद्दाम बोट दाखवले आहे. त्याच्या कितीतरी आधी दंडीने अशी उदार भूमिका घेतली होती की पूर्वजन्मीची प्रतिभा नसली तरी श्रवणाने आणि यत्नाने आराधिलेली वाणी काही ना काही अनुग्रह करतेच. जगन्नाथाने मात्र प्रतिभा हेच काव्याचे एकमेव कारण ठरवले, आणि मग त्या प्रतिभेचे कारण कधी अदृष्ट तर कधी व्युत्पत्ती-अभ्यास अशी मागची खिडकी उघडी ठेवली. बास्केटबॉलच्या नेमबाजाविषयी लिहिताना ही नावे ओढूनताणून आणली आहेत असे कोणाला वाटेल. परंतु कोणाच्या तरी हातून सुंदर असे काही घडते तेव्हा त्याचे श्रेय कोठे ठेवायचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. आणि ॲलनने त्याचे उत्तर वर्गात न बसता, अठरा हंगाम रिकाम्या क्रीडागारांत शोधले.

तत्पूर्वी ज्या रेषेमुळे त्याच्यासारखा खेळाडू संभवला तिचा थोडा इतिहास पाहणे इष्ट. बास्केटबॉलचा शोध 1891 मधला. त्यानंतर अनेक दशके मैदानावरून, कोठूनही, टाकलेल्या बास्केटला दोनच गुण मिळत. अशा खेळात उंच, धिप्पाड, रिंगजवळ ठाण मांडणारा खेळाडू हाच राजा ठरणार हे उघड होते. दूरच्या फेकीला तिसरा गुण देण्याची कल्पना 1961 मध्ये अमेरिकन बास्केटबॉल लीग या अल्पायुषी स्पर्धेने अमलात आणली. ती स्पर्धा लवकरच बुडाली. 1967 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनने ती उचलली, आणि या प्रतिस्पर्धी संघटनेतील चार संघ 1976 मध्ये एन.बी.ए.त सामील झाले तरी रेषा काही त्यांच्याबरोबर आली नाही. ती आली 1979-80 च्या हंगामात, तीही प्रायोगिक म्हणून. जाणत्या मंडळींनी तिला सर्कशीतली करामत ठरवले. त्या पहिल्या हंगामात एक संघ एका सामन्यात सरासरी तीनसुद्धा तिहेरी फेका करीत नसे.

वस्तुतः गणित साधे होते. दोन गुणांच्या निम्म्या फेका यशस्वी करणाऱ्याला जेवढे गुण मिळतात तेवढेच तिहेरी फेकींपैकी फक्त एक तृतीयांश यशस्वी करणाऱ्याला मिळतात. चाळीस टक्के यश मिळवणारा तर दोन गुणांच्या साठ टक्के फेका साधणाऱ्याच्या तोडीचा. एवढा साधा हिशेब मान्य व्हायला तीस वर्षे का लागावीत, याचे उत्तर हिशेबात नाही, सवयीत आणि अभिरुचीत आहे. दूरवरून टाकलेला चेंडू हा आळशी, कष्ट चुकवणाऱ्या खेळाडूचा मार्ग आहे, असा एक नैतिक पूर्वग्रह त्या पिढीतल्या प्रशिक्षकांच्या मनात घर करून होता. (मुक्तछंदाविषयी आपल्याकडे काय काय बोलले गेले, ते वाचकांनी आठवावे.)

ही रेषा मैदानावर सर्वत्र सारख्या अंतरावर नाही, हेही सांगायला हवे. समोरच्या कमानीवर ती रिंगपासून 23 फूट 9 इंच दूर असते; पण कोर्टाची रुंदी 50 फूटच असल्यामुळे दोन्ही कोपऱ्यांत तिला 22 फुटांवर आखडून घ्यावे लागले. तरीही तिथे रेषा आणि मैदानाची सीमा यांच्यामध्ये जेमतेम तीन फुटांची पट्टी उरते. पाऊल थोडे आत पडले तर तिसरा गुण गेला, थोडे बाहेर पडले तर चेंडूच गेला. ॲलन उलट्या पावलांनी सरकला तो या तीन फुटांत.

त्याचा जन्म 20 जुलै 1975 चा, कॅलिफोर्नियातील एका हवाई तळावरचा. वडील अमेरिकन हवाई दलात नोकरीला होते. त्यामुळे बालपण इंग्लंड, जर्मनी, ओक्लाहोमा, पुन्हा कॅलिफोर्निया असे तळातळांवरून फिरण्यात गेले आणि शेवटी कुटुंब दक्षिण कॅरोलिनातील डॅल्झेल या लहानशा गावी स्थिरावले. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांना त्याची बोली गोऱ्यांसारखी वाटे, आणि गोऱ्यांच्या दृष्टीने तो अर्थातच कृष्णवर्णीय होता. कोठल्याच घोळक्यात न बसणाऱ्या मुलाला मैदानाचा एकांत जवळचा वाटला, असे सोपे मानसशास्त्र येथे मांडता येईल. आम्ही ते मांडत नाही. एवढेच नोंदवतो की लहानपणीच त्याला मोजण्याची सवय जडली होती. ठरावीक संख्येने उजव्या हाताने आणि तितक्याच वेळा डाव्या हाताने चेंडू जाळीत टाकल्याशिवाय तो कोर्ट सोडत नसे, आणि कोणी मध्येच बाहेर काढले तर रडत असे. आपल्या ठायी हा नेमकेपणाचा सोस जवळजवळ आजाराच्या सीमेवर आहे, हे त्याने पुढे स्वतःच मोकळेपणी कबूल केले.

कनेक्टिकट विद्यापीठात जिम कॅल्हून यांच्या हाताखाली तो तीन वर्षे खेळला. 1996 च्या निवडप्रक्रियेत पाचव्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले गेले आणि त्याच रात्री स्टीफन मार्बरीच्या बदल्यात त्याची मिनेसोटाहून मिलवॉकीला रवानगी झाली. त्या काळातल्या ॲलनची छायाचित्रे पाहिली तर आश्चर्य वाटते. नेमबाज म्हणून आपण ज्याला ओळखतो तो हा नव्हेच. हवेत झेपावणारा, रिंगच्या वरून चेंडू आत आदळणारा हा चपळ तरुण 1997 च्या डंक स्पर्धेतही उतरला होता. तात्पर्य, उपजत देहसंपदा त्याच्याजवळ भरपूर होती. तिचा उल्लेख त्याच्या प्रयत्नवादी भाषणांत क्वचितच येतो, आणि येथे आमचे त्याच्याशी थोडे मतभेद आहेत.

1998 मध्ये स्पाइक ली या दिग्दर्शकाने आपल्या 'ही गॉट गेम' या चित्रपटात त्याला घेतले. ज्याच्यावर सर्व विद्यापीठांचा डोळा आहे अशा एका शाळकरी खेळाडूची ती भूमिका. तुरुंगातून काही दिवसांसाठी सुटून आलेल्या बापाच्या भूमिकेत डेन्झेल वॉशिंग्टन. अभिनयाचा अनुभव नसलेल्या खेळाडूच्या मानाने ॲलनचे काम आजही पाहण्यासारखे आहे. त्या पात्राचे नाव जीझस शटल्सवर्थ. हे नाव त्याला आयुष्यभर चिकटले. चमत्कार या शब्दाचा ज्याला तिटकारा त्यालाच लोकांनी प्रेषिताच्या नावाने हाक मारावी, यातला उपरोध कोणा कादंबरीकाराने योजला असता तर आम्ही त्याला तो बटबटीत वाटतो असे म्हटले असते.

आता प्रत्यक्ष शैलीकडे वळू. नेमबाज म्हणजे एका जागी उभा राहून नेम धरणारा, अशी सर्वसामान्य समजूत असते. धनुर्विद्येत वा बंदुकीच्या नेमबाजीत ती खरी असेल; बास्केटबॉलमध्ये नेमबाजाला स्थिर उभे राहण्याची मुभा कोणी देत नाही. त्याच्या अंगाला खेटून एक बचावपटू सतत वावरत असतो. म्हणून या कलेचा मोठा भाग चेंडू हातात येण्यापूर्वीच घडतो. एका बाजूच्या कोपऱ्यातून निघायचे, रिंगखालून धावत जायचे, वाटेत स्वतःच्याच संघाचा एक धिप्पाड गडी भिंतीसारखा निश्चल उभा असतो त्याच्या खांद्याला खांदा घासून वळायचे, म्हणजे पाठलाग करणारा त्या भिंतीवर अडकतो. या भिंतीला स्क्रीन म्हणतात. मग दुसरी भिंत, कधी तिसरी. एवढे धावून मोकळी जागा मिळते ती अर्ध्या सेकंदाची. एखाद्या रात्री असे पंधरा-वीस फेरे मारून चेंडू पाच-सहा वेळाच मिळतो. उरलेले फेरे वाया गेले असे प्रेक्षकाला वाटते. बचावपटूच्या पायांना मात्र त्यांचा हिशेब चौथ्या क्वार्टरमध्ये कळतो.

या धावण्याचा आद्य आचार्य इंडियाना पेसर्सचा रेजी मिलर. 1987 ते 2005 अशी अठरा वर्षे तो एकाच संघाकडून खेळला आणि त्याने 2,560 तिहेरी फेका साधल्या. मे 1995 मध्ये न्यूयॉर्कविरुद्ध नऊ सेकंदांहून कमी वेळात आठ गुण करून त्याने हरलेला सामना फिरवला, हे बास्केटबॉलच्या प्रत्येक रसिकाला पाठ असते. पण मिलरची फेक दिसायला ओबडधोबड होती: चेंडू सोडल्यानंतर त्याचे दोन्ही हात एकमेकांत अडकल्यासारखे दिसत. शिवाय तो बोलघेवडा. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांशी भांडण उकरून काढल्याखेरीज त्याला हुरूप येत नसे. ॲलनने त्याच्याकडून धावणे घेतले आणि नाटक वगळले. धावत येत असतानाच त्याची शेवटची दोन पावले चेंडूची वाट पाहणारी असत. चेंडू हातात पडायच्या क्षणी गुडघे वाकलेले, खांदे रिंगकडे वळलेले; मग तो सरळ वर उठे, बराच उंच, आणि उडीच्या माथ्याजवळ चेंडू सुटे. मनगट खाली झुके. ज्या जागेवरून तो उडाला त्याच जागेच्या आसपास उतरे. पहिली फेक आणि हजारावी फेक यांच्या चित्रफिती एकमेकींवर ठेवल्या तर कडा जुळाव्यात, इतकी ती सारखी.

हे सौंदर्य अलंकरणाचे नाही. त्यात एकही हालचाल जास्तीची नाही, म्हणून ते डोळ्यांना सुखावते. आणि म्हणूनच बहुधा ते कमी लक्षात राहते. मिलरचे हातवारे आठवतात, करीच्या अशक्य अंतरावरच्या फेका आठवतात. ॲलनचे काय आठवायचे?

त्याचे दिवस आठवावेत. सामना सायंकाळी असे तेव्हा तो सुमारे तीन तास आधी क्रीडागारात हजर असे. दुपारी ठरलेल्या वेळी तेच कोंबडी-भाताचे जेवण, मग थोडी झोप, डोक्याचे मुंडण, आणि मग रिकाम्या खुर्च्यांपुढे ठरलेल्या जागांवरून ठरलेल्या संख्येने फेका. बॉस्टनमध्ये त्याच्या मागे लागून काही सहकारीही लवकर येऊ लागले तेव्हा आपली जागा आणि वेळ अडते म्हणून तो कुरकुरला, असे सांगतात. यात विनोद आहे, आणि थोडे भयही. रियाज करणाऱ्या माणसाबरोबर राहणे सोपे नसते.

मिलवॉकीत प्रशिक्षक जॉर्ज कार्ल यांच्या संघाने 2001 मध्ये अंतिम मालिकेच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली. फिलाडेल्फियाविरुद्धच्या त्या सात सामन्यांच्या लढतीत सहाव्या सामन्यात ॲलनने नऊ तिहेरी फेकींसह 41 गुण केले; सातव्यात संघ हरला. 2003 मध्ये त्याला सिअ‍ॅटलला पाठवण्यात आले. तिथली चार-साडेचार वर्षे म्हणजे वैयक्तिक पराक्रमाची आणि सांघिक अपयशाची. 2005-06 मध्ये त्याने एका हंगामात 269 तिहेरी फेकींचा तेव्हाचा विक्रम केला, पण संघ प्लेऑफलाही पोहोचला नाही.

जून 2007 मध्ये तो बॉस्टन सेल्टिक्समध्ये आला. महिन्याभराने केविन गार्नेट आला. पॉल पियर्स तिथे होताच. तिघेही तिशी गाठलेले वा गाठत आलेले, तिघेही आपापल्या संघांचे नायक, तिघांच्याही पदरी विजेतेपद नाही. आदल्या हंगामात 82 पैकी 58 सामने हरलेल्या बॉस्टनने या हंगामात 66 जिंकले. तिघांपैकी सर्वांत जास्त मुरड ॲलनला घालावी लागली असे आमचे मत आहे. सिअ‍ॅटलमध्ये चेंडू त्याच्या हातात असे. बॉस्टनमध्ये त्याच्या वाट्याला पुन्हा ते फेरे आले, भिंतींभोवतीचे.

2008 ची अंतिम मालिका लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध होती. चौथ्या सामन्यात बॉस्टन 24 गुणांनी मागे पडले होते. ॲलन त्या रात्री अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस मिनिटे खेळला आणि संघाने सामना खेचून आणला. पाचव्या सामन्याच्या सुमारास त्याचा लहानगा मुलगा आजारी पडला. निदान झाले ते टाइप-1 मधुमेहाचे. रुग्णालयात रात्री काढून, देशाच्या एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत प्रवास करून ॲलन सहाव्या सामन्याला उभा राहिला आणि नऊपैकी सात तिहेरी फेका त्याने साधल्या. बॉस्टनने सामना 131-92 असा जिंकला, आणि मालिकाही. डोके ठिकाणावर नसतानाही हात ठिकाणावर राहतो, हे त्या रात्री दिसले असे म्हणण्याचा मोह आम्हालाही झाला होता. परंतु दोनच वर्षांनी जे घडले ते पाहता तो आवरावा लागतो.

6 जून 2010. पुन्हा लेकर्स, पुन्हा अंतिम मालिका, दुसरा सामना. ॲलनने पूर्वार्धातच सात आणि एकूण आठ तिहेरी फेका साधल्या. अंतिम मालिकेतला तो तेव्हाचा विक्रम होता. दोन दिवसांनी, 8 जूनला, स्वतःच्या शहरात, स्वतःच्या प्रेक्षकांपुढे, त्याने तेरा फेका केल्या. एकही आत गेली नाही. तेरापैकी शून्य! आम्ही या दोन्ही सामन्यांच्या चित्रफिती लागोपाठ पाहिल्या आहेत. पावले तीच, उडी तीच, मनगट तेच. चेंडू मात्र कधी रिंगच्या पुढच्या कडेला लागत होता, कधी मागच्या. आदल्या सामन्यातही त्याने तेच जेवण घेतले असणार, त्याच वेळी मुंडण केले असणार. मालिका बॉस्टनने 3-4 अशी गमावली.

अभ्यास फळ देतो, या सुभाषितवजा समजुतीला ती 8 जूनची रात्र भारी पडते. अभ्यास फळाची शाश्वती देत नाही. मग तो काय देतो? ॲलनच्या बाबतीत असे दिसते की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करण्याची क्षमता देतो. चौदावी फेक पहिल्यासारखीच करायची, मधल्या तेरांचा राग तिच्यात येऊ द्यायचा नाही. शेकडा चाळीस हे यश या खेळात थोर मानले जाते. याचा दुसरा अर्थ असा की थोर नेमबाजाच्याही शंभरातल्या साठ फेका चुकतात. इतक्या वेळा, इतक्या उघडपणे, वीस हजार लोकांदेखत चुकत राहून शैली न बदलणे ही गोष्ट लेखनाच्या क्षेत्रातही आम्हाला फारशी आढळलेली नाही.

10 फेब्रुवारी 2011 रोजी बॉस्टनमध्ये त्याने मिलरचा 2,560 चा विक्रम मागे टाकला. मिलर त्या सामन्याचे समालोचन करीत होता. ॲलन धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडला.

मात्र 2012 च्या जुलैमध्ये, आदल्याच महिन्यात ज्या मायामीने बॉस्टनला प्लेऑफमधून बाहेर काढले होते त्याच संघाकडे, आणि तेही कमी मोबदल्यावर, ॲलन निघून गेला. बॉस्टनमध्ये त्याचे नाव देवघेवीच्या चर्चांत वारंवार येत होते, खेळात त्याला दुय्यम स्थान मिळू लागले होते, तरुण राजॉन राँडोशी त्याचे पटत नव्हते. हे सारे खरे असले तरी जुन्या सवंगड्यांच्या लेखी ही फितुरी ठरली. ऑक्टोबरमध्ये नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात हे संघ समोरासमोर आले तेव्हा बॉस्टनच्या बाकाशी जाऊन ॲलनने गार्नेटच्या खांद्याला हात लावला. गार्नेटने मान वर केली नाही. हा अबोला जवळजवळ दशकभर टिकला. मार्च 2022 मध्ये गार्नेटच्या जर्सीच्या सन्मान-सोहळ्यात तो सर्वांदेखत सुटला.

म्हणजे 18 जून 2013 च्या त्या रात्री मायामीच्या कोपऱ्याकडे सरकणारा हा माणूस बदली खेळाडू होता, मित्रांना दुरावलेला होता आणि कारकिर्दीच्या उतारावर होता. आता ती उलटी पावले. ॲलनने नंतर सांगितले की हा सराव त्याने मिलवॉकीच्या दिवसांपासून चालवला होता. रिंगजवळ जमिनीवर पाठ टेकून पडायचे. एकदम उसळून उठायचे. खाली न पाहता उलट्या पावलांनी कोपऱ्यात जायचे. तिथे येणारा चेंडू झेलून फेक करायची. सामन्यात अशी वेळ सहसा येत नाही. म्हणूनच या सरावाची इतरांनी चेष्टा करावी, इतका तो निरुपयोगी दिसे. सामन्यात पडलो, गर्दीत सापडलो, रेषा कोठे आहे ते दिसेनासे झाले, तर पायांना ती ठाऊक असावी, एवढाच त्याचा हेतू.

आदिपर्वातली एक गोष्ट येथे आठवते. पोपटाच्या डोळ्याची नव्हे. ती शाळेच्या भिंतीवर लिहून लिहून झिजली आहे. अर्जुनाला अंधारात जेवण कधीही वाढू नकोस, असे द्रोणाने आचाऱ्याला बजावून ठेवले होते. एका रात्री अर्जुन जेवत असताना वाऱ्याने दिवा विझला. तो जेवतच राहिला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आले की अंधारातही हात चुकत नाही, सवयीने बरोबर मुखाशीच येतो. तो उठला आणि त्याच रात्रीपासून काळोखात बाण सोडण्याचा सराव करू लागला. प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून द्रोण बाहेर आला. गुरूला जे लपवायचे होते ते शिष्याला घासाने शिकवले, अशी ही विलक्षण कथा आहे. आणि तिच्यात दैवी असे काही नाही. असलाच तर फक्त वारा.

तो वारा मायामीतही होता, हे ॲलनच्या बाजूने बोलताना विसरता कामा नये. लेनर्डचा पहिला फ्री थ्रो आत गेला असता, तर तीन गुणांनी बरोबरी झालीच नसती. प्रशिक्षक पॉपोविच यांनी उंच टिम डंकनला त्या क्षणी बाहेर बसवले नसते, तर तो उसळता चेंडू बॉशला मिळाला असता की नाही, यावर सॅन अँटोनिओत अजूनही वाद होत असेल. आणि मुळात 1979 साली कोणी ती रेषा काढलीच नसती तर? मम्मटाचे एकवचन आम्हाला येथे पटते. उंची, झेप, डोळा हे सारे घेऊन आलेला एक मुलगा. तिहेरी फेक ज्याने आधीच मान्य करून घेतली होती त्या मिलरचे धावणे. आणि जमिनीवर पाठ टेकण्याचा तो हास्यास्पद सराव. यांतले कोणतेही एक वेगळे काढून त्याचा टक्का ठरवता येत नाही. ॲलनला मात्र एकच शब्द ऐकायचा होता, कारण बाकीचे दोन लोक न मागता बहाल करीत होते.

2014 च्या अंतिम मालिकेत स्पर्सनी मायामीला 4-1 असे हरवून परतफेड केली. ॲलनचा तो शेवटचा हंगाम ठरला. औपचारिक निवृत्ती त्याने 2016 मध्ये जाहीर केली. 1,300 सामने, 2,973 तिहेरी फेका. 2018 मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

14 डिसेंबर 2021 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टीफन करीने हा आकडा ओलांडला. ॲलन आणि मिलर दोघेही तिथे हजर होते. करीला यासाठी 789 सामने लागले. या तफावतीवरून नेमबाजांची उंची मोजण्यात अर्थ नाही. मधल्या काळात खेळच बदलला होता. 2018-19 पासून एक संघ एका सामन्यात सरासरी तीसहून अधिक तिहेरी फेका करू लागला होता. जी करामत होती ती व्याकरण झाली. ॲलनला एका सामन्यात सरासरी सहापेक्षा कमी संधी मिळत, करीने काही हंगामांत अकराहून अधिक घेतल्या.

आणखी एक फरक पडला आहे. करीच्या सामन्याला लोक लवकर येतात. सामना सुरू होण्यापूर्वीचा त्याचा सराव पाहण्यासाठी कठड्याशी गर्दी होते, मुलांना खांद्यावर उचलून घेतले जाते, मोबाइल उंच धरले जातात, प्रत्येक फेकीला आरोळी उठते. ॲलन यायचा त्या वेळी दिवेसुद्धा अर्धेच लागलेले असत, आणि झाडूवाले वरच्या रांगांतून खाली येत असत.